सांज, दिवा आणि तारा : संध्याप्रार्थनेच्या शब्दांचा इतिहास

१

गोटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने १८९२ साली आशय आणि निर्देश यांतील भेद स्पष्ट करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात सायंतारा व प्रभाततारा या दोन शब्दांचे उदाहरण दिले. दोन्ही शब्दांनी निर्दिष्ट होणारी वस्तू एकच, म्हणजे शुक्र हा ग्रह. परंतु ती वस्तू ज्या रीतीने शब्दांतून समोर येते ती रीत मात्र भिन्न. पुढे सॉल क्रिपकी यांनी १९७० साली प्रिन्स्टन येथे दिलेल्या आणि १९८० साली ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत याच जोडीला तिची ग्रीक नावे दिली आणि हेस्परस व फॉस्फरस ही नावे तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाची झाली. या सर्व चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. ती अशी की, शब्द हे वस्तूला चिकटवलेले फलक होत आणि प्रश्न उरतो तो एवढाच की, दोन फलक एका वस्तूवर कसे आले.

अर्थमीमांसेपुरता हा प्रश्न पुरेसा असेलही. साहित्यसमीक्षेला तो पुरत नाही. ज्या भाषांतून हे उदाहरण आले त्या भाषांत सायंताऱ्याचे नाव हे केवळ ताऱ्याचे नाव कधीच नव्हते. ते एका वेळेचे, एका दिशेचे आणि पुढे एका प्रार्थनेचेही नाव झाले. तारा, वेळ, दिशा आणि प्रार्थना यांपैकी कोणता अर्थ आधीचा आणि कोणता नंतरचा, हा प्रश्न व्युत्पत्तीच्या कुतूहलापुरता मर्यादित नाही. संध्याकाळ ही साहित्यात 'सार्वत्रिक' प्रतिमा आहे, तिच्यातील हुरहूर निसर्गदत्त आहे, असे समीक्षेत सहजपणे म्हटले जाते. त्या विधानाची परीक्षा या शब्दांच्या इतिहासात होते.

२

ग्रीक 'हेस्पेरोस' आणि लॅटिन 'वेस्पेर' हे सजातीय शब्द आहेत. ग्रीक शब्दाच्या आरंभी एके काळी असलेला वकार लोप पावला एवढाच त्यांच्यातील ठळक फरक. लिथुएनियन 'वाकारास' आणि स्लाव्ह भाषांतील 'वेचेर' हे शब्दही त्याच कुळातले मानले जातात, मात्र त्यांतील मधल्या व्यंजनांचा मेळ ध्वनिनियमांनी नीट बसत नाही. या सर्व शब्दांचा समान आशय 'संध्याकाळ' हा आहे. 'तारा' हा नव्हे. बाल्टिक आणि स्लाव्ह भाषांत हे शब्द वेळ दाखवतात. तारा हा अर्थ ग्रीक आणि लॅटिनमध्ये वेळेवरून ताऱ्याकडे सरकला, असे मानण्यास त्यामुळे आधार मिळतो.

होमरच्या 'इलियड'मध्ये हा तारा ज्या ठिकाणी येतो ते ठिकाण लक्षणीय आहे. बाविसाव्या सर्गात अकिलीझ हेक्टरवर अखेरचा वार करण्यास सिद्ध होतो तेव्हा त्याच्या भाल्याच्या टोकाची चमक हेस्पेरोसच्या, आकाशातील सर्वांत सुंदर ताऱ्याच्या, तेजासारखी सांगितली आहे. लगेच पुढच्या सर्गात पॅट्रोक्लसची चिता रात्रभर जळून विझत येते तेव्हा पहाट आणणारा तारा, हेओस्फोरोस, उगवतो. एका मृत्यूच्या क्षणी सायंतारा, दुसऱ्या मृत्यूचा विधी संपताना प्रभाततारा. हे दोन्ही एकच आहेत अशी जाणीव काव्यात कोठेही नाही आणि तशी ती असण्याची गरजही नाही. दोन नावांची दोन स्वतंत्र कार्ये आहेत.

ही एकरूपता ग्रीकांच्या लक्षात केव्हा आली याविषयी प्राचीनांतच मतभेद होते. डायोजेनीझ लाएर्तियस हे श्रेय एके ठिकाणी पायथॅगोरसला आणि दुसऱ्या ठिकाणी पार्मेनिडीझला दिले जात असल्याचे नोंदवतो. बाबिलोनमध्ये मात्र हे ज्ञान कितीतरी जुने होते. अम्मिसदुक या राजाच्या काळातील शुक्राच्या उदयास्तांची एकवीस वर्षांची नोंद निनवेह येथील इष्टिकापटांवर उतरलेली सापडली आहे. पश्चिमेस मावळणारा आणि काही काळाने पूर्वेस उगवणारा तारा एकच हे धरूनच ती नोंद केलेली आहे. फ्रेगेच्या उदाहरणात ज्याला शोध म्हटले जाते तो शोध, निरीक्षणाची वही ठेवणाऱ्या संस्कृतीत, शोध म्हणून कधी मिरवलाच गेला नसावा.

एकरूपता कळल्यानंतरही दोन नावे टिकून राहिली. इ. स. पू. ४५ मधील सिसरोच्या देवस्वरूपविषयक संवादग्रंथात शुक्राचा तारा सूर्यापुढे चालतो तेव्हा त्याला लॅटिनमध्ये लुसिफेर आणि मागून चालतो तेव्हा हेस्पेरोस म्हणतात, असे स्वच्छ सांगितले आहे. नावांचे टिकणे हे अज्ञानावर अवलंबून नव्हते. ते ज्या कामांसाठी वापरली जात त्या कामांवर अवलंबून होते, आणि काव्याची साक्ष येथे निर्णायक ठरते.

इ. स. पू. ६०० च्या सुमारास सॅफोने रचलेल्या एका गीताचा तुकडा शैलीविषयक एका ग्रीक ग्रंथात उद्धृत झाल्यामुळे वाचला आहे. त्यात हेस्पेरोसला संबोधून म्हटले आहे की, पहाटेने जे जे विखुरले ते ते तो परत आणतो. मेंढी, शेळी आणि आईकडे तिचे मूल. उद्धृत करणाऱ्या शैलीकाराला 'आणतोस' या क्रियापदाच्या पुनरावृत्तीतील माधुर्य दाखवायचे होते. अर्थाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे हे की, येथे तारा प्रकाशाने नव्हे तर क्रियेने ओळखला जातो. तो घरी आणणारा आहे. गुरे परतण्याच्या वेळेला आपल्याकडे 'गोरज' म्हणतात. त्या वेळेचे व्यक्तिरूप म्हणजे सॅफोचा हेस्पेरोस.

मात्र शेवटच्या शब्दांचा पाठ सदोष आहे, आणि मूल आईकडे आणले जाते की आईपासून नेले जाते याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. हा संदेह निव्वळ पाठचिकित्सेचा राहत नाही, कारण कातुल्लुस या रोमन कवीच्या बासष्टाव्या कवितेत दुसरा अर्थ प्रत्यक्ष उभा राहिला आहे. तेथे विवाहप्रसंगी तरुणांचा आणि तरुणींचा असे दोन गायकवृंद वेस्पेर उगवल्यावर आळीपाळीने गातात. तरुणींच्या मते आईच्या मिठीतून मुलीला ओढून नेणारा हा तारा सर्वांत क्रूर; तरुणांच्या मते ठरलेला विवाह पूर्णत्वाला नेणारा तो सर्वांत प्रिय. याच कवितेत, रात्री लपणाऱ्या चोरांना हाच तारा पहाटे नाव बदलून पकडतो, असाही युक्तिवाद येतो. म्हणजे दोन नावांचा एकच तारा ही तर्कशास्त्राची सामग्री रोमन कवीने दीड-दोन सहस्रके आधी वादविवादातील एक कोटी म्हणून वापरली होती. त्याच्या दृष्टीने मूळ प्रश्न नावांचा नव्हता. एकाच ताऱ्याच्या उदयाचा अर्थ दोन गटांना परस्परविरुद्ध लागतो, हा होता.

३

ख्रिस्ती उपासनेत 'वेस्पेरे' हे संध्याप्रार्थनेचे नाव कसे रूढ झाले, याचे उत्तर वरवर सोपे वाटते. सेव्हिलचा इसिदोर (मृत्यू इ. स. ६३६) आपल्या शब्दव्युत्पत्तिकोशात ते देतो : रात्र होताना उगवणाऱ्या वेस्पेर ताऱ्यावरून सायंकालीन उपासनेला नाव मिळाले. मध्ययुगात हे स्पष्टीकरण प्रमाण मानले गेले आणि आजही ते सहज पुढे केले जाते.

ते दोन कारणांनी तपासून पाहावे लागते. पहिले कारण आकाशाचे. सायंतारा संध्याकाळी उगवत नाही. तो पश्चिमेकडे आधीच असतो आणि अंधारू लागताच दिसतो, नंतर मावळतो. शिवाय तो रोज दिसत नाही. शुक्राचे दृश्यचक्र सुमारे ५८४ दिवसांचे असून त्यांपैकी साधारण साडेआठ महिनेच तो सायंकाळी दिसतो. पुढे तो सूर्यतेजात लोपून पहाटेच्या बाजूस जातो. प्रार्थना मात्र नित्याची. नित्यकर्माला अनित्य खूण देणे व्यवहाराला परवडणारे नाही.

दुसरे कारण कागदपत्रांचे. इ. स. ३८१ ते ३८४ च्या दरम्यान एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री पश्चिमेकडून जेरुसलेमला गेली होती. तिच्या प्रवासवृत्ताची हस्तलिखित प्रत १८८४ साली इटलीतील अरेत्सो येथे उजेडात आली. तेथील नित्योपासनेचे वर्णन करताना ती सांगते की, दहाव्या प्रहरहोरेला, म्हणजे दुपारी चारच्या सुमारास, जो विधी होतो त्याला तेथील लोक 'लिसिनिकोन' म्हणतात आणि तिच्या भाषेत त्याला 'लुसेर्नारे' म्हणतात. दोन्ही शब्द दिव्यावरून आले आहेत. सर्व दिवे आणि मेणबत्त्या पेटवल्या जातात, आणि त्यांसाठी अग्नी बाहेरून आणीत नाहीत. पवित्र समाधीच्या गुहेत रात्रंदिवस तेवणाऱ्या दिव्यावरूनच तो घेतात. याच सुमारास, इ. स. ३७५ च्या आसपास, सिझेरियाचा बेसिल दिवे लावताना म्हटल्या जाणाऱ्या एका स्तोत्राचा उल्लेख करतो. ते इतके जुने झाले होते की त्याचा कर्ता कोण हे त्यालाही सांगता आले नाही. पूर्वेकडील चर्चमध्ये ते आजही संध्याप्रार्थनेत गायले जाते.

याचा अर्थ असा की, चौथ्या शतकात संध्याप्रार्थनेचे एक जिवंत नाव 'दिवेलागण' हे होते. मराठीत दुसरा कोणताही प्रतिशब्द इतका नेमका बसत नाही. पुढे सहाव्या शतकात बेनेडिक्टची मठनियमावली या उपासनेला 'वेस्पेरा' म्हणते, आणि त्याचबरोबर सायंकालीन कर्मे अशा वेळी उरकावीत की जेवणाऱ्यांना दिव्याची गरज पडू नये, अशी आज्ञा करते. दिव्याच्या नावाने ओळखला जाणारा विधी आता दिवा लागण्यापूर्वी संपवायचा होता. तेथे जुन्या नावाला आधार उरला नाही आणि वेळेचे नाव पुढे आले. मिलानच्या आंब्रोसीय परंपरेत मात्र सायंप्रार्थनेच्या आरंभी 'लुसेर्नारियुम' आजही टिकून आहे.

म्हणून इसिदोरचे स्पष्टीकरण हे नामकरणाचा इतिहास नसून नामकरणानंतर घडलेले वाचन आहे. विधीतून दिवा मागे पडला होता. शब्दाला दृश्य आधार हवा होता. तो ताऱ्याने दिला. मात्र ते चुकीचे म्हणून टाकून देता येत नाही. एकदा स्वीकारले गेल्यावर त्यानेच प्रार्थनेला ताऱ्याची प्रतिमा जोडून दिली, आणि नंतरच्या युरोपीय काव्यात सायंतारा आणि सायंप्रार्थना एकत्र दिसू लागतात त्यामागे अशा वाचनांची परंपरा उभी आहे. व्युत्पत्ती चुकीची आणि परिणाम खरा, असे वाङ्मयाच्या इतिहासात वारंवार घडते.

४

शब्द वेळेचा झाला की त्याचा प्रवास वेळेच्या मागे जातो. लॅटिन शब्दाचे स्पॅनिश रूप 'व्हिस्पेरा' आणि पोर्तुगीज रूप 'व्हेस्पेरा' यांचा आजचा अर्थ 'आदला दिवस' असा आहे. कारण मोठ्या सणाची उपासना आदल्या सायंकाळपासूनच सुरू होते. गोव्यातील ख्रिस्ती गावांत फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी वेस्पर गाण्याची प्रथा याच कल्पनेची आहे. आधुनिक मराठीत इंग्रजीच्या छायेत घडलेला 'पूर्वसंध्या' हा शब्दही, नकळत, त्याच वाटेने आला. दक्षिण जर्मनीत 'फेस्पर' म्हणजे दिवस कलताना घ्यायचा अल्पोपाहार. ३० मार्च १२८२ रोजी पालेर्मो येथे सायंप्रार्थनेच्या वेळी पेटलेल्या फ्रेंचविरोधी उठावाला 'सिसिलीचे वेस्पर' हेच नाव चिकटले. इंग्लंडात तर नावाचा प्रश्न धर्मसुधारणेच्या राजकारणात सापडला. १५४९ च्या प्रार्थनाग्रंथात गाण्याचा निर्देश करणारा जुना 'ईव्हनसाँग' हा शब्द आहे. १५५२ च्या आवृत्तीत त्या जागी 'सायंप्रार्थना' असा रुक्ष शब्द आला. गीताकडून पाठाकडे झालेला हा बदल एका शब्दात वाचता येतो.

सेमिटिक परंपरेत नाव मावळण्याच्या क्रियेवरून येते. हिब्रू 'मआरीव' आणि अरबी 'मग्रिब' या दोन्ही प्रार्थनानामांच्या मुळाशी संध्याकाळ आणि पश्चिम यांना जोडणारे सजातीय धातू आहेत. 'मग्रिब' हे पश्चिमेकडील देशांचेही नाव, तसे ग्रीकांना इटली आणि रोमनांना स्पेन हे 'हेस्पेरिया'. मराठीत 'मावळत' म्हणजे पश्चिम, आणि सह्याद्रीलगतच्या मावळ प्रांताचे नावही परंपरेने याच क्रियापदाशी जोडले जाते. प्रत्येक भाषा आपल्या पश्चिमेला सायंकाळचे नाव देते. ती पश्चिम कोणाची, हे बोलणाऱ्याच्या उभे राहण्यावर ठरते.

येथे तारे येतात ते नाव म्हणून नव्हे, सीमा म्हणून. ज्यू परंपरेत तारे दिसू लागणे ही दिवस बदलल्याची खूण आहे. कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाला 'शनवार तेली' हे नाव पडले ते शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे. पण तो शनिवार शुक्रवारच्या संध्याकाळीच सुरू होत असे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही प्रातःसंध्या उभ्याने सूर्यदर्शनापर्यंत आणि सायंसंध्या बसून नक्षत्रे स्पष्ट दिसेपर्यंत करावी असे विधान आहे. दोन्ही ठिकाणी कोणताही तारा चालतो. सर्वांत सुंदर अशा त्या एका ताऱ्याला विशेष मान नाही.

५

'संध्या' या शब्दाची घडण या सर्वांहून वेगळी आहे. सम् उपसर्ग आणि धा धातू यांपासून तो साधला जातो. सांधा, संधी आणि संध्या ही एकाच कुटुंबातली भावंडे आहेत. त्यामुळे संस्कृतात संध्या ही सायंकाळची मक्तेदारी नाही. ती सकाळचीही आहे आणि माध्याह्नीचीही. वेस्पेर शेवट सांगतो. संध्या जोड सांगते. शेवट सांगणारा संस्कृत शब्द वेगळा आहे : 'सायम्', आणि त्याचा संबंध अवसानाच्या धातूशी लावला जातो.

जोड आणि अंधूकपणा यांतील निवड विद्वत्तेच्या क्षेत्रातही किती परिणाम करते, याचे उदाहरण चर्यापदांच्या अभ्यासात आहे. हरप्रसाद शास्त्री यांनी १९१६ साली ती प्रसिद्ध करताना त्यांच्या भाषेला 'संध्याभाषा', म्हणजे प्रकाश-अंधाराची भाषा, असे मानले. १९२८ साली विधुशेखर भट्टाचार्य यांनी शुद्ध रूप 'संधाभाषा' असून तिचा अर्थ साभिप्राय भाषण असा आहे, असे प्रतिपादन केले. एका यकाराच्या असण्या-नसण्यावर संपूर्ण काव्यपरंपरेचे वाचन अवलंबून राहिले.

मराठीत प्राकृत 'संझा'मार्गे 'सांज' आली आणि तिने दिवसाचे सांधे सोडून एकाच सांध्याशी घर केले. 'तिन्हीसांजा' हा शब्द तीन संध्यांची आठवण बाळगतो, पण त्याचा अर्थ फक्त दिवेलागणीची वेळ. त्रैवर्णिकांच्या संध्यावंदनापासून वगळलेल्या घरांत आणि स्त्रियांच्या ओठी ही वेळ मुख्यतः दिव्याशी जोडली गेली : सांजवात, दिवेलागण, आरंभीच्या शब्दांवरून नाव मिळालेले 'शुभंकरोती', आणि त्यामागोमाग मुलांचा परवचा. प्रार्थनेला तिच्या पहिल्या शब्दांचे नाव देणे, दिव्याला नमस्कार करून रात्र सुरू करणे, या गोष्टी एगेरियाच्या जेरुसलेमशी कोणत्याही देवाणघेवाणीविना जुळतात. जुळणारी गोष्ट आकाश नव्हे. अंधार पडताना घरात दिवा लावणारा हात आहे. उलट 'कातरवेळ' हा शब्द याच वेळेची भीती आणि व्याकूळता सांगतो. दिवा लावण्याची निकड आणि अजून घरी न आलेल्याची काळजी या एकाच वेळेच्या दोन बाजू आहेत.

आणि शुक्र? भारतीय ज्योतिषात त्याचे प्रभात आणि सायं असे दोन जीव नाहीत. एकच ग्रह आणि त्याचे उदय-अस्त. अमरकोशात त्याच्या पर्यायांत उशना, भार्गव आणि काव्य यांच्यासह 'कवि' हे नाव येते. दैत्यांचा गुरू असलेला हा ग्रह पुल्लिंगी, तर मराठी बोलण्यातील 'शुक्राची चांदणी' स्त्रीलिंगी. ती पहाटेचीही असते आणि सांजेचीही. बंगालीने मात्र प्रभातीचा 'शुकतारा' आणि सायंकाळचा 'संध्यातारा' असे दोन शब्द राखले. कातुल्लुसच्या गीतात वेस्पेर दिसला की विवाह घडतो. मराठी पंचांगात शुक्राचा अस्त झाला की विवाहमुहूर्त थांबतात. ग्रह तोच. रोमन विधीने त्याच्या दिसण्याकडे पाहिले, पंचांगाने त्याच्या नसण्याकडे.

६

या इतिहासातून फ्रेगेच्या उदाहरणाचे खंडन होत नाही. त्याची मर्यादा स्पष्ट होते. वस्तू समोर येण्याच्या 'रीती'त केवळ निरीक्षकाचा दृष्टिकोन नसतो, तर तिच्याभोवती चाललेले काम असते : गुरे परत आणणे, मुलगी सासरी धाडणे, दिवा लावणे, दिवस मोजणे. सायंताऱ्याचे नाव या कामांतून अर्थ घेते आणि काम बदलले की नावाचा अर्थही बदलतो.

मराठी कवितेच्या समीक्षेला याचा सरळ उपयोग आहे. सायंकाळच्या कवितेतील विषण्णता ही इंग्रजी स्वच्छंदतावादाची देणगी, असे एक मत आणि ती मानवमात्राची सहजभावना, असे दुसरे. दोन्ही मते शब्दांकडे न पाहता प्रतिमेकडे पाहतात. बालकवींच्या निसर्गकवितेपासून ग्रेस यांच्या १९६७ सालच्या 'संध्याकाळच्या कविता'पर्यंत ज्या वेळेचा वावर आहे, तिच्यासाठी मराठीपाशी सांज, सायंकाळ, तिन्हीसांजा, कातरवेळ, दिवेलागण असे निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांत जोड, अवसान, विधी, भय आणि गृहागमन असे निरनिराळे इतिहास साठलेले आहेत. कवी त्यांपैकी कोणता शब्द निवडतो आणि कोणता टाळतो, हे पाहिल्याशिवाय प्रभावाचा किंवा सार्वत्रिकतेचा निवाडा करणे घाईचे ठरते.

विजेच्या दिव्याने दिवेलागणीची वेळ घड्याळातून जवळजवळ पुसली आहे. सांजवात ही अनेक घरांत क्रिया न राहता शब्द झाली आहे, जशी बेनेडिक्टच्या मठात दिव्याची उपासना उजेडातच संपू लागली होती. अशा वेळी शब्दाला नवा आधार शोधला जातो आणि तो बहुधा आकाशात शोधला जातो. इसिदोरने तेच केले. ताऱ्याकडे बोट दाखवणाऱ्या अशा प्रत्येक स्पष्टीकरणामागे विझलेला दिवा कोणता, हे विचारणे समीक्षेचे काम आहे.